बासरी थांबली तरी डोक्यात गाणं चालूच

पत्र असं आलंय:

"ताई, माझं वय ३३. अंथरुणाला पाठ टेकली की डोकं सुरू होतं, म्हणून सहा महिन्यांपासून इअरफोन घालून जुन्या गाण्यांच्या बासरीवरच्या धून लावून झोपते. झोप लागतेही कधीकधी, पण रात्री तीन-साडेतीनला जाग येते आणि तीच धून डोक्यात गरगरत असते, वर शब्दांसकट. मग फोन उघडून दुसरं काही शोधत बसते. 'डीप स्लीप म्युझिक' टाकलं की दहा-दहा तासांचे व्हिडिओ, निळे चमकणारे चेहरे, ५२८ हर्ट्झ आणि काय काय. परवा त्यातच मध्ये एक किंचाळणारी जाहिरात लागली आणि मी अक्षरशः उठून बसले. मैत्रीण म्हणाली अँबियंट ऐक, म्हणजे चाल-ताल नसलेलं, मागे नुसतं मंद चालणारं संगीत. ऐकलं. दहा मिनिटं नुसतं हूंऽऽऽ. नवरा म्हणाला फ्रिज बिघडलाय का बघ. यात ऐकायचं काय असतं? आणि सवय लागून पुढे याच्याशिवाय झोपच येणार नाही असं होईल का? नवऱ्याचं विचारू नका, तो उशीला डोकं लावलं की दुसऱ्या मिनिटाला घोरतो. — अर्धी रात्र जागी"

अगं अर्धी रात्र जागी,

आधी त्या बासरीचं बोलू, कारण बाकी सगळं तिथूनच निघतं. तुला वाटतंय शब्द नाहीत म्हणजे डोक्याला ताप नाही, मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं, पण ओळखीचं गाणं शब्दांशिवाय वाजायला लागलं की शब्द भरायचं काम आपलं डोकं अंगावर घेतं, कुणी सांगितलेलं नसताना. मुखडा संपला की अंतरा येणार हे माहीत असतं, अंतऱ्यात ती वर चढणारी जागा येणार हे माहीत असतं, आणि आपण तिथे आधीच जाऊन वाट बघत उभे. अमेरिकेत टेक्सासमधल्या बेलर युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं, त्यांचा पेपर २०२१ मध्ये आला. झोपायच्या आधी काही जणांना गाजलेली गाणी मूळ रूपात ऐकवली, काहींना त्याच गाण्यांची नुसती वाद्यांवरची आवृत्ती, आणि मग प्रयोगशाळेत रात्रभर त्यांची झोप मोजली. डोक्यात गाणं अडकून बसण्याचा त्रास वाद्यांवरच्या आवृत्तीने जास्त झाला, आणि ज्यांच्या डोक्यात ते अडकलं त्यांची झोपही जास्त बिघडलेली निघाली. तेव्हा साडेतीन वाजता जे होतंय त्यात तुझी काही चूक नाही, तू झोपलीस तरी डोकं ते गाणं पुरं करत बसलेलं असतं.

म्हणून झोपेसाठी काहीही निवडताना मी एकच बघते, हे ऐकताना मला 'आता पुढे काय' असं वाटतंय का. वाटलं की बाद. मग ते कितीही मंद असो, कितीही गोड असो, कुणीही शिफारस केलेलं असो. गाणं म्हणजे एक प्रकारची गोष्टच असते आणि गोष्ट ऐकताना माणूस पुढचं ऐकायला जागा राहतो, लहान मुलांना विचार.

आता तुझा फ्रिज. हसले मी, पण नवऱ्याने नकळत मुद्द्यालाच हात घातलाय. फ्रिजच्या आवाजाने कधी तुझी झोपमोड झाली का? नाही ना, उलट तो अचानक बंद पडला तर लक्षात येतं. अँबियंट करणाऱ्या लोकांना साधारण तेच हवं असतं, फक्त फ्रिजपेक्षा सुंदर. ही कल्पना काही आजची नाही. फ्रान्समधला एरिक साती नावाचा विक्षिप्त संगीतकार १९१७ च्या सुमाराला म्हणत होता की आपण फर्निचर-संगीत करू या, म्हणजे खुर्ची-टेबल जसं खोलीत असतं आणि आपण त्याच्याकडे टक लावून बघत बसत नाही, तसं संगीत. १९२० मध्ये त्याने ते नाटकाच्या मध्यंतरात वाजवून बघितलं आणि झालं काय, तर सूर कानावर पडल्याबरोबर लोक बोलायचे थांबले आणि आपापल्या जागी जाऊन ऐकायला बसले. साती बिचारा त्यांच्यात फिरून ओरडतोय, बोला, हिंडा, ऐकू नका! कुणी ऐकेना, म्हणजे सगळेच ऐकायला लागले. माणसाला दुर्लक्ष कर म्हणून सांगितलं की तो हमखास लक्ष देतो, झोप म्हणून सांगितलं की हमखास जागा राहतो, तसलाच प्रकार.

मग १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायन ईनो नावाचा संगीतकार. अपघात होऊन अंथरुणाला खिळलेला होता, भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पची रेकॉर्ड आणलेली, ती गेल्यावर त्याने कशीबशी उठून ती लावली आणि परत आडवा झाला, तर लक्षात आलं की व्हॉल्यूम फारच कमी आहे आणि एक स्पीकर तर वाजतच नाहीये. पुन्हा उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता आणि त्या पावसातून अधूनमधून हार्पचे फक्त मोठे सूर कानावर येत होते. त्याने स्वतःच ही हकीकत सांगितलीय. त्याच वर्षी त्याने 'डिस्क्रीट म्युझिक' नावाचा अल्बम काढला, त्यातला पहिला तुकडा अर्ध्या तासाचा आहे, आणि १९७८ मध्ये 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स', जिथून अँबियंट हा शब्द रुळला. त्याचं म्हणणं असं की हे संगीत लक्ष देऊन ऐकलं तर त्यात काहीतरी सापडावं आणि दुर्लक्ष केलं तरी त्याची तक्रार नसावी. मला हे फार आवडतं, आपल्यावर न रुसणारं संगीत.

त्या एअरपोर्टवाल्या अल्बममधला दुसरा ट्रॅक तू ऐकच, कारण 'पुढे काय' कसं मारायचं ते तिथे कळतं. नुसते माणसांचे आवाज आहेत, लांबवलेले 'आऽऽ', बाकी वाद्य नाही, ताल नाही. ते एकेक सूर वेगवेगळ्या टेपवर घेऊन त्या टेपचं टोकाला टोक जोडून वेटोळं केलेलं, म्हणजे तोच सूर फिरून फिरून येत राहणार. एक वेटोळं इतकं लांब होतं की ते स्टुडिओतल्या ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांच्या पायांभोवती फिरवून आणावं लागलं. आता गंमत बघ, एक सूर साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा पावणेसव्वीस-सव्वीसच्या मधे कुठेतरी, ईनोच्या आकड्याने २५ पूर्णांक ७/८, तिसरा तिसाच्या जवळ. मी एकदा कागदावर हिशोब केला (झोप येत नव्हती, दुसरं काय करणार), या आकड्यांनी गेलं तर फक्त पहिले दोन सूर एकत्र सुरू झाले की पुन्हा तसेच एकत्र यायला ८१ मिनिटं लागतात, आणि ट्रॅक तर नऊ मिनिटांच्या आत संपतो. म्हणजे सूर तेच ते, पण त्यांची रांग कधीच तीच नाही.

हे अंथरुणात काय करतं ते सांगते. पहिल्यांदा लावलं तेव्हा मीही तुझ्यासारखीच वैतागले होते. एक बाई 'आऽऽ' म्हणते, विरते, मग शांत, इतकं शांत की बंद पडलं का म्हणून मी डोळा उघडून फोनकडे बघितलं. मग एक खालचा सूर आला. मग पुन्हा तीच बाई. मी म्हटलं आता ही आली की मागून तो खालचा येणार, आणि वाट बघत राहिले, आणि तो आलाच नाही, भलताच तिसरा आला. असं चार-पाचदा फसले असेन. मग डोक्याने नाद सोडला. अंदाज करण्यात अर्थ नाही असं त्याला एकदा कळलं ना की ते दुकान बंद करायला लागतं, खांदे खाली येतात, जबडा आवळलेला होता हे सुटल्यावर समजतं. त्या रात्री पुढचा ट्रॅक मला आठवत नाही.

तेव्हा यात ऐकायचं काय याचं उत्तर म्हणजे पहिली दहा मिनिटं खरंच काही नसतं आणि ती तशीच जाऊ द्यायची. तू दहाव्या मिनिटाला बंद केलंस, थोडी घाई झाली.

सूर कसा सुरू होतो हेही बघत जा, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. झोपेतही कान बंद नसतात आणि मेंदू दचकतो तो आवाज मोठा असल्यामुळे जितका, तितकाच तो अचानक सुरू झाल्यामुळे. तबल्याची थाप, गिटारची तार टणकन छेडलेली, पियानोची स्पष्ट पट्टी, हे सगळे आवाज दार उघडून आत येतात. उलट सिंथवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरचा, किंवा व्हायोलिनवर हलके ओढलेला सूर कधी सुरू झाला तेच कळत नाही. म्हणून अल्बम नवा असला की मी तो आधी दुपारी, काहीतरी कंटाळवाणं काम करताना, कपड्यांच्या घड्या घालताना वगैरे पूर्ण चालवते. मान वर करून स्पीकरकडे बघायला लागलं तर तो रात्रीचा नाही. ही चाचणी दिवसाच करायची, रात्री अंथरुणात नवीन शोधाशोध कधीच नाही, कारण शोधणं म्हणजे परत 'पुढे काय' आणि वर तो स्क्रीनचा उजेड.

आता नावं देते, थोडीच देते, नाहीतर तू यादी करत जागशील.

पियानो आवडत असेल तर हॅरल्ड बड आणि ईनोचं १९८० चं 'द प्लेटो ऑफ मिरर'. मी वर पियानोची तक्रार केली पण इथे पट्ट्यांच्या कडा इतक्या घासून मऊ केल्यात की धुक्यातून ऐकल्यासारखं वाटतं. स्टीव्ह रोचचं 'स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स', १९८४ चं, तीनच ट्रॅक, शेवटचा जवळजवळ अर्ध्या तासाचा, श्वास आत-बाहेर व्हावा तसे सिंथचे सूर फुगतात आणि ओसरतात, ज्या रात्री छाती भरून आल्यासारखी होते त्या रात्री मी हेच लावते. जपानमधल्या हिरोशी योशिमुराचं 'म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स', १९८२, हे झोपेपेक्षा झोपेच्या आधीच्या अर्ध्या तासाला चांगलं, कारण त्यात छोट्या छोट्या सुरावटी आहेत आणि त्या मला तरी आवडतात, म्हणजे धोका आहेच. आणि मॅक्स रिक्टरचं 'स्लीप', २०१५ मधलं, साडेआठ तासांच्या आसपास, म्हणजे शब्दशः रात्रभर. मेंदूवर काम करणारे शास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन यांच्याशी बोलून त्याने ते रचलं, आणि त्याचे कार्यक्रमही होतात ज्यात प्रेक्षकांना खुर्च्यांऐवजी पलंग देतात. खरं सांगू का, मला ते अधेमधे जरा जास्त भावुक होतं, व्हायोलिन लागलं की माझ्या डोळ्यांत पाणीच येतं, पण कितीतरी जणांना फार उपयोगी पडलंय, तू बघ. असल्या रात्रभराच्या मैफली आधीही झाल्यात, रॉबर्ट रिच नावाच्या मुलाने स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना १९८२ मध्ये सुरू केल्या, लोक पांघरुणं घेऊन यायचे आणि हा रात्रभर वाजवायचा. त्याचं २००१ चं 'सोम्नियम' सात तासांचं आहे, त्यात जवळपास काहीच होत नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय.

एक सावधगिरी, अँबियंट म्हणजे सगळंच शांत असं समजू नकोस. एफेक्स ट्विनचं १९९४ चं 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम टू' सगळीकडे शिफारशीत सापडेल, अल्बम जबरदस्त आहे, पण त्यातले काही ट्रॅक अंधारात अंगावर काटा आणतात. 'डार्क अँबियंट' असं लिहिलेलं असेल तर सरळ पुढे जा. काहींना त्यातही झोप लागते, त्यांना माझा नमस्कार.

आणि आपल्याकडचं म्हणशील तर आलाप. ध्रुपदातला आलाप, त्यातही रुद्रवीणेवरचा, झिया मोहिउद्दीन डागरांचा मिळाला तर बघ, सुरुवातीला कितीतरी वेळ खालच्या सप्तकात एकेक सूर उलगडत असतो, ताल नाही, पखवाज नाही, कुठे जायची घाई नाही. पण दोन अडचणी आहेत. एक तर आलाप पुढे 'जोड' आणि 'झाला' या वेगवान भागांकडे जातो, लय चढते, म्हणजे नेमकी डुलकी लागताना तारा झणझणायला लागतात, तेव्हा फक्त सुरुवातीचा भाग कापून ठेवायचा. दुसरं, तुला रागाची थोडी जरी जाण असेल तर तू 'आता पंचम लावेल' म्हणून वाट बघत बसशील, आणि मग तुझी बासरीचीच गत. माझी एक मैत्रीण गाते, तिला मालकंस लावून झोपायला सांगणं म्हणजे शिक्षिकेला पेपर तपासता तपासता झोप म्हणण्यासारखं. तिच्यासाठी नुसता तानपुरा बरा, चार तारा, फिरून फिरून तेच, आणि लक्ष दिलं तर त्यातून भलतेच सूर ऐकू येतात, नाही दिलं तरी चालतं.

त्या निळ्या चेहऱ्यांच्या व्हिडिओंबद्दल. ५२८, ४३२ वगैरे आकड्यांवर झोप अवलंबून नसते. ४४० हर्ट्झ हा 'ए' सुराचा ठरलेला मानक आहे, १९५५ मध्ये तो आंतरराष्ट्रीय पातळीवर शिफारस म्हणून आला, आणि ४३२ म्हणजे तोच सूर जरासा उतरवलेला, त्याने पेशी दुरुस्त होतात वगैरे सगळं विकायचं बोलणं. ऐकायला बरं वाटत असेल तर खुशाल ऐक, फक्त आकडा बघून निवडू नकोस. बायनॉरल बीट्सचंही तसंच, दोन कानांत किंचित वेगळे सूर सोडले की डोक्यात तिसरी धडधड जाणवते, हे खरंय, एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे, पण त्याला इअरफोन लागतातच आणि झोपेवर परिणामाचे पुरावे पातळ आहेत. 'वेटलेस' नावाचा एक ट्रॅक सगळ्यात रिलॅक्स करणारा म्हणून फिरतो, मार्कोनी युनियनचा, २०११ चा. तो मिनिटाला ६० ठोक्यांवर सुरू होऊन हळूहळू ५० पर्यंत उतरतो, कल्पना चांगली आहे आणि ट्रॅकही छान आहे, पण 'सगळ्यात' वगैरे काही नसतं गं, तुझं जे आहे ते तुझं.

मग संगीताने खरंच झोप सुधारते का? कोक्रेन म्हणून संस्था आहे, जगभरचे अभ्यास गोळा करून तपासते, त्यांचा २०२२ चा आढावा निद्रानाश असलेल्या मोठ्या माणसांवरच्या १३ अभ्यासांचा आहे, जवळपास हजार लोक. त्यात बहुतेकांनी रोज २५ ते ६० मिनिटं संगीत ऐकलं, कुणी तीनच दिवस, कुणी तीन महिने, आणि आपली झोप सुधारली असं लोकांनी सांगितलं. लोकांनी सांगितलं, हे लक्षात घे, म्हणजे यंत्राने मोजलेली झोप किती वाढली हा वेगळा प्रश्न. पण मला विचारशील तर सकाळी उठून बरं झोपले असं वाटणं ही काही छोटी गोष्ट नाही.

फोनचं आता पटापट सांगते. जाहिरातीवाल्या व्हिडिओंवर झोपायचं नाही, विषय संपला. माझं स्वतःचं एका ॲपवर असंच झालेलं, डोळा लागला आणि कानात एक माणूस ऑफर ऑफर म्हणून ओरडला, काळीज हातात आलं आणि ती रात्र गेलीच. अल्बम डाउनलोड करून ठेव आणि फोन फ्लाइट मोडवर टाक. शफल बंद. ऑटोप्ले बंद, हे फार महत्त्वाचं, नाहीतर अल्बम संपला की ॲप स्वतःच्या मनाने भलतंच काही लावतं, आणि मध्यरात्री ढोल. टायमर ४५ मिनिटांचा लाव आणि आवाज हळूहळू विरत बंद होईल अशी सोय असेल तर ती घे, कारण आवाज एकदम तुटला तरी जाग येते, मघाचा फ्रिज आठव. व्हॉल्यूम किती, तर शेजारच्या खोलीत कुणीतरी दार लोटून वाजवतंय इतका. ऐकू यायला कान द्यावा लागतोय असं वाटलं की बरोबर आहे.

इअरफोन घालून झोपू नकोस, कुशीवर वळलं की टोचतात, वायर गळ्याशी येते, कान दुखतो. छोटा स्पीकर खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेव, उशाशी नको, आणि फोन उशीखाली तर मुळीच नको, तो तापतो. तुझा नवरा दुसऱ्या मिनिटाला घोरतो म्हणतेस म्हणजे इतक्या हळू आवाजाने त्याचं काही बिघडणार नाही, उलट घोरण्यावर थोडी चादर पडेल. त्याला सूर नकोच असतील तर ब्राऊन नॉइज लावून बघ, लांबच्या धबधब्यासारखा खालचा घोंघाट असतो, व्हाइट नॉइजसारखा टीव्ही बिघडल्यागत चरचरत नाही. आणि हे विषयांतर आहे पण लिहितेच, घोरता घोरता त्याचा श्वास मधेच थांबतो आणि मग खस्सकन सुरू होतो असं होतं का? होत असेल तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, पटकन झोप लागते म्हणजे झोप चांगली असते असं नाही.

सवयीचं. हो, सवय लागेल, आणि ती लागावी म्हणूनच तर हे करायचं. दोन आठवडे एकच अल्बम लाव, रोज तोच, कंटाळा आला तरी तोच, झोपायच्या वीस मिनिटं आधी दिवा मंद करून सुरू करायचा. शरीराला कळायला लागतं की हा आवाज आला म्हणजे दुकान बंद. तो अल्बम मग दिवसा ऐकायचा नाही, ऑफिसात तर नाहीच. आठवड्यातून एखादी रात्र मुद्दाम काही न लावता झोपून बघ, म्हणजे फोनची बॅटरी संपली तर घाबरायला नको. मी प्रवासात चार्जर विसरले होते तेव्हा आधी हवालदिल झाले, मग मनातल्या मनात ती 'आऽऽ'वाली बाई आठवायला लागले, तिची चाल अशी नाहीच त्यामुळे नीट आठवता येईना, आणि त्या नादात झोपले.

एक मात्र. वीसेक मिनिटं झाली आणि टक्क जागी असशील तर पडून राहू नकोस, उठ, दुसऱ्या खोलीत बस, मंद उजेडात काहीतरी नीरस वाच, पेंग आली की परत ये. आणि आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री अशाच जात असतील आणि तीन महिने होऊन गेले असतील, तुझ्या सहा महिन्यांवरून तसंच वाटतंय, तर डॉक्टरांशी बोल आणि सीबीटी-आयबद्दल, म्हणजे निद्रानाशावरच्या बिनगोळ्यांच्या मानसोपचाराबद्दल विचार, गोळ्यांच्या आधी हीच पद्धत सुचवतात, झोपेच्या सवयी आणि झोपेची भीती दोन्हींवर काम करतात. तोवर अँबियंट चालू ठेवायला काही हरकत नाही, दोन्हींचं भांडण नाही.

आज रात्री कुठून सुरू करू असं विचारशील, तर 'डिस्क्रीट म्युझिक'चा तो अर्ध्या तासाचा पहिला तुकडा, एकदा दुपारी ऐकून घे आणि मग रात्री. आणि बासरीचा फोल्डर रागाने डिलीट करू नकोस हं. दुपारी चारला लाव, मोठ्याने, शब्दांसकट म्हण.

— ताई